साडेसहाचा रिपोर्ट

पठारावरच्या नव्या विहिरीचं काम जानेवारीत सुरू झालं. पहिल्या सकाळी फोन उचलताना तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. बोटं गारठली होती आणि ऑफिसातला हीटर अजून तापायचा होता, एवढंच.

तेल आणि वायू खात्याच्या त्या विभागीय कार्यालयात तिला सगळे रिपोर्टबाई म्हणत. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. रोज सकाळी साडेसहाला भागातल्या प्रत्येक ठिकाणाहून फोन यायचा आणि आदल्या चोवीस तासांची हकिगत कळायची. किती मीटर खणलं, किती तेल आलं, किती पाणी आलं, काय मोडलं, काय अडलं. ती टिपून घ्यायची, टाइप करायची आणि साडेआठच्या आत साहेबांच्या टेबलावर ठेवायची. डिसेंबर उजाडला की बारा महिन्यांचे हे कागद एकत्र करून भागाचा वार्षिक आढावा लिहायची.

आढाव्यात तसं नवं काही नसायचं. गावाच्या पूर्वेला एक्केचाळीस जुन्या विहिरी होत्या. त्यांतल्या निम्म्या तिच्या वडिलांनी खणलेल्या. आता त्या तेलापेक्षा पाणीच जास्त द्यायच्या, आणि दर वर्षी उत्पादनाचा आकडा थोडा थोडा खाली यायचा. ‘नवीन शोध’ या मथळ्याखाली गेली चौदा वर्षं ती एकच शब्द लिहीत होती: निरंक. या वर्षीही निरंक निघालं तर कार्यालयालाच कुलूप लागणार, असं साहेब उघड बोलायला लागले होते. म्हणून पठारावरच्या या एका विहिरीकडे सगळ्या गावाचे डोळे लागले होते. बेकरीवाला पाव देता देता विचारायचा, “लागलं का?” शेजारीण गॅलरीतून विचारायची, “लागलं का?” अजून पाइपसुद्धा वर पोचले नव्हते, पण लोकांना धीर कुठला.

तर त्या पहिल्या सकाळी फोन वाजला. पठारावर मोबाइल चालत नसे. तिथला एकुलता उपग्रह फोन खरखर करत लागला आणि पलीकडून आवाज आला, “पठार एक. रात्रपाळीचा ड्रिलर बोलतोय. लिहून घ्या, मॅडम.”

“बोला.”

“खोली अडसष्ट मीटर.”

तिचं पेन थांबलं.

‘अडसष्ट’ असं म्हणणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. लहानपणी त्याला पाढे तिनेच शिकवले होते. साठाच्या घरात आला की तो हटकून अडखळायचा, आणि अडुसष्टमधला ‘डु’ त्याच्या तोंडून कधी फुटलाच नाही. ती फूटपट्टी उगारायची, तो पलंगाखाली घुसायचा आणि तिथूनच ओरडायचा, “अडसष्ट! अडसष्ट! अडसष्ट!”

“मॅडम? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” ती म्हणाली. “पुढे सांगा.”

त्याने पुढचं सांगितलं. मडचं, म्हणजे खणताना विहिरीत खेळवतात त्या चिखलाचं, वजन किती, वारा किती, पाइप किती शिल्लक. आवाज जाड झाला होता. “एवढंच,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिने कागद पाहिला. आकडे सगळे बरोबर उतरले होते. अक्षर मात्र तिचं वाटत नव्हतं.

हा तिचा धाकटा भाऊ. आठ वर्षांत तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता.

आठ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तो दूरच्या एका रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या यंत्रावर, कामाला होता. वडिलांनी शेवटचे चार दिवस त्याचाच धोसरा लावला होता. दार वाजलं की मान वळवायचे. तिने तीन निरोप पाठवले. ‘निघतो’ असं एकाचं उत्तर आलं, आणि तो आला तो सगळं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी. रिगवरचे बूटसुद्धा पायात तसेच, दाढी वाढलेली. घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा. ती दारातच त्याला म्हणाली, “आता कशाला आलास? बाबा खरंच गेले का बघायला?”

“काम होतं, ताई.”

“काम! मग कामावरच राहायचं होतंस. इथे तुझ्यावाचून काही अडलं नाही.”

हे सगळ्यांच्या देखत. मामा काहीतरी पुटपुटला, काकू पदर सावरत आत गेली. धाकटा तिच्याकडे बघत उभा राहिला, मग वळला आणि जिना उतरून गेला. आई आतल्या खोलीत गोळी देऊन झोपवलेली होती. ती उठून बाहेर आली तेव्हा दारात फक्त बुटांची माती होती.

पुढे दोन वर्षं आईच्या नावाने पत्रं आली. आईची दृष्टी अधू, त्यामुळे उत्तर आई सांगायची आणि लेक लिहायची. आई सांगेल तेवढंच, स्वतःचा एक शब्दही न घालता. त्याने अक्षर ओळखलं असणारच. पत्रं आखडत गेली आणि मग बंद झाली. आई म्हणायची, “पोरगा विसरला आपल्याला.” ती काही बोलायची नाही. का थांबली ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगायची हिंमत तिला इतक्या वर्षांत झाली नव्हती.

आणि आता तोच भाऊ रोज सकाळी साडेसहाला तिला मॅडम म्हणत होता.

तो चार आठवडे कामावर आणि चार आठवडे सुट्टीवर असायचा. कामावर असला की रोज सात-आठ मिनिटं. खोली, मड, हवामान. एकशे नव्वद मीटर. चारशे दहा. सहाशे पाच. ती विचारायची, “कालच्यापेक्षा वेग कमी का?” तो म्हणायचा, “खडक कडक आहे, मॅडम.” ती म्हणायची, “वारा?” तो म्हणायचा, “झोडपतोय.” या ‘झोडपतोय’वर तिला दिवस काढता यायचा. रोज पाचलाच जाग यायची. सहा वाजता ती ऑफिसात हजर असायची, फोन सरळ करून ठेवायची, वायर गुंतलेली नाही ना बघायची.

एकदा त्याला फोनवर ठसका लागला. ती पटकन म्हणून गेली, “तब्येत बरी नाही का?”

मग तो म्हणाला, “रिपोर्टात तो रकाना नाही, मॅडम.”

त्यात राग होता की गंमत, हे तिला दिवसभर ठरवता आलं नाही.

त्याची पहिली सुट्टी फेब्रुवारीत आली. तिने त्याची खोली उघडली, खिडक्या पुसल्या, गादी उन्हात टाकली. आईने विचारलं, “कोण येणार आहे?” ती म्हणाली, “कोणी नाही. वास मारत होती.” अठ्ठावीस दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की तिचा जीव कानात गोळा व्हायचा. तो आला नाही. तिने गादी पुन्हा गुंडाळून ठेवली.

त्याच्या जागी बदली ड्रिलर फोन करायचा. त्याचं नाव तिने मनातल्या मनात बडबड्या ठेवलं होतं. तो आकडे दोन मिनिटांत उरकायचा आणि रिगवरच्या स्वैपाक्यापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांची खबर द्यायचा. मार्चमध्ये पाइप अडकून काम अकरा दिवस खोळंबलं, तेव्हा तर त्याला बोलायला रानच मोकळं मिळालं.

“आमचा जोडीदार एक अजब प्राणी आहे, मॅडम,” तो एके सकाळी म्हणाला. “साधू म्हणतो आम्ही त्याला. सुट्टीत आम्ही घराकडे धूम ठोकतो, आणि हा खालच्या तळावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून राहतो. पुस्तकं वाचतो, बूट पॉलिश करतो.”

“घर नसेल,” ती कशीबशी म्हणाली.

“देव जाणे. आणि अजून ऐका. हा सकाळचा रिपोर्ट खरं तर दिवसपाळीच्या सुपरवायझरने द्यायचा असतो. पहिल्याच दिवशी हा म्हणाला, मी वाचतो. रात्रभर उभं राहून दमलेला माणूस, पण नाही, मीच वाचणार! नाइलाजाने त्याच्या सुट्टीत ते माझ्या गळ्यात आलं.”

तिने त्या दिवशीच्या कागदावर ‘वारा’च्या रकान्यात खोली लिहिली आणि ‘खोली’च्या रकान्यात वारा. साहेब कागद घेऊन बाहेर आले. “बाई, आज ताशी एक हजार चारशे किलोमीटर वारा आहे पठारावर. रिग राहिलीय ना जागेवर?”

म्हणजे तोही. तोही मुद्दाम फोनपाशी येत होता. तरी तिच्याने ‘अरे’ म्हणवेना. जिभेवर यायचं आणि तिथेच विरघळायचं. एकदा चुकून काही बोललं आणि तो बिथरला, तर उद्यापासून सुपरवायझरचा आवाज ऐकायला लागेल, ही एक धास्ती होती. दुसरं असं की पहिला शब्द तिनेच बोलायचा होता आणि तो माफीचा असायला हवा होता. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला तो शब्द सोपा नसतो.

जुलैत आईने तिला पकडलं. ती कपबशा विसळता विसळता स्वतःशीच पुटपुटली, “उद्या येतो तो.”

“कोण तो?” आईने मागून विचारलं.

“कोणी नाही.”

“अगं, सहा महिने बघतेय मी. पहाटे उठतेस, केस नीट विंचरतेस, चार आठवडे गुणगुणतेस आणि चार आठवडे तोंड पाडून बसतेस.” आईचा चेहरा उजळला होता. “सांग ना. या वयात का होईना, चांगला माणूस असला म्हणजे झालं. बायको नाही ना त्याला?”

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. खुर्चीवर बसून तिने आईला सगळं सांगितलं. पत्रांचंसुद्धा, त्यातला तिचा वाटा न लपवता.

आई टेबलावरचा कप एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. “मला ऐकायचाय त्याचा आवाज,” ती म्हणाली.

“आई, तू बोलशील आणि...”

“नाही बोलणार. पाखरू उडालं तर काय घ्या. नुसती ऐकेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती आईला हाताला धरून ऑफिसात घेऊन आली. आईने कोट घातला होता आणि पर्स मांडीवर घट्ट धरली होती, डॉक्टरकडे आल्यासारखी. साडेसहाला फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

“पठार एक. लिहून घ्या, मॅडम. खोली दोन हजार तीनशे चौदा.”

आई पुढे झुकली. तिने डोळे मिटून घेतले. मडचं वजन आलं, पाइप आले, वाऱ्याचा वेग आला, दगडाचा रंग आला. आई प्रत्येक आकड्याला मान डोलवत होती, जणू तो शाळेतून येऊन दिवसभराचं सांगतोय.

“तुमच्याकडे आणखी काही?” लेकीने विचारलं.

“नाही. एवढंच.”

फोन बंद झाला. आई थोडा वेळ त्या काळ्या यंत्राकडे बघत राहिली.

“खोकला नाहीये त्याला. बरं आहे.” मग ती लेकीकडे वळली. “अगं पण, तू त्याला अहो-जाहो करतेस?”

“तोही करतो.”

“त्याला लंगोट तू बांधायचीस,” आई म्हणाली, “आणि आता अहो-जाहो.” तिने पर्स उघडली, रुमाल शोधला, सापडला नाही, पुन्हा पर्स बंद केली.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला साडेसहाला फोन वाजला नाही.

पावणेसातलाही नाही. जुन्या विहिरींचा रिपोर्ट आला. तिसऱ्या पंपाचा पट्टा तुटला होता. ती तो हातानेच लिहून घेत होती, कान दुसरीकडे होते. सात वाजता तिने स्वतः नंबर फिरवला. व्यग्र. सव्वासातला व्यग्र. साडेसातला कोणीतरी उचलला. तो रिगवरचा स्वैपाकी होता.

“सगळे वर आहेत,” तो धापा टाकत म्हणाला. “विहिरीत वायू घुसलाय. मला फोनपाशी बसायला सांगितलंय, पण मला काही माहीत नाही. नंतर करा.”

वायू घुसणं म्हणजे काय ते तिला सांगायची गरज नव्हती. खाली कोंडलेला वायू मडला ढकलत वर येतो. वेळेत विहिरीचं तोंड बंद झालं नाही, तर मग सगळं वर येतं, आगीसकट. बावीस वर्षांत तिने तशा दोन विहिरींबद्दल आढाव्यात लिहिलं होतं. दोन्हींत माणसं गेली होती. वेळेत तोंड बंद करायचं असतं ते ब्रेकपाशी, म्हणजे पाइप खालीवर करणाऱ्या दांड्यापाशी, उभ्या असलेल्या ड्रिलरने. आणि रात्रपाळी त्याची होती.

साहेब आले, त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि कोट न काढता समोर बसले. नऊ वाजले. दहा वाजले. कोणीतरी आणलेला चहा साय धरून तसाच राहिला.

अकरा वीसला फोन वाजला.

“पठार एक.” आवाज पार बसलेला. “लिहून घ्या, मॅडम. पहाटे चार दहाला टाक्यांतला मड वाढायला लागला. चार बाराला विहीर बंद केली. जड मड भरून वायू हळूहळू बाहेर काढला. दहा पन्नासला विहीर शांत.”

“जखमी?” तिने विचारलं.

“कोणी नाही.”

साहेब टेबलावरून पुढे वाकून ऐकत होते. आठ वर्षांचं सगळं तिला एकदम सांगायचं होतं आणि तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: “धन्यवाद.”

फोन ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. धन्यवाद! पोस्टमनला म्हणतात तसं धन्यवाद.

साहेब मात्र हरखले होते. वायू घुसला म्हणजे खाली वायू आहे! गावात बातमी अर्ध्या दिवसात पोचली. बेकरीवाल्याने तिला एक पाव जास्तीचा दिला. साहेबांनी हुकूम सोडला: याच थरातून याआधी आजूबाजूच्या विभागांत कुठे कुठे वायू उसळला, त्याची यादी करा. तिने शेजारच्या तीन विभागांकडून जुन्या फायली मागवल्या. त्या यायला अकरा दिवस लागले.

दुसऱ्या फायलीत, मध्यावर, तो कागद होता. आधी तिला तारीख दिसली. तो मंगळवार ती जन्मात विसरली नसती, आणि विहिरीचा नंबरही तोच होता जिथे तिने तीन निरोप पाठवले होते. त्या मंगळवारी संध्याकाळी वडील गेले होते.

कुणा अनोळखी कारकुनाच्या नीटस टायपिंगमध्ये लिहिलं होतं: ‘सोमवारी दुपारी दोन वाजता विहिरीत वायूचा जोर. बदली ड्रिलर व दोन मदतनीस भाजले. ड्रिलरला घरी नेण्यासाठी आलेल्या गाडीतून जखमींना रवाना केले. ड्रिलर सलग एकतीस तास ब्रेकपाशी. मंगळवारी रात्री नऊ वाजता विहीर नियंत्रणात. बुधवारी पहाटे ड्रिलर मालट्रकने रवाना.’

तिने तो कागद चारदा वाचला. ‘निघतो’ असं त्याने कळवलं होतं. गाडी दारात उभी होती. तो त्या गाडीत दुसऱ्यांना बसवून परत वर चढला होता, आणि तिथे उभा असताना वडील गेले होते. ‘काम होतं, ताई.’ ज्या घरात जन्मभर ड्रिलरच्या कामापायी जेवणं लांबली, त्या घरातल्या मुलीने काय काम होतं एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखे आकडे वाचले. शेवटी म्हणाला, “एवढंच.”

“थांबा,” ती म्हणाली. “एक जुनी नोंद तपासायची आहे.” तिने कागद समोर धरला होता. तिने तारीख वाचली, विहिरीचा नंबर वाचला. “ड्रिलर सलग एकतीस तास ब्रेकपाशी. हे बरोबर आहे का?”

फोनमध्ये नुसती खरखर.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

“मग तेव्हा सांगितलं का नाहीस?”

सांगितलं का नाही*स*. शब्द निघून गेला होता. आता तो परत घेता येणार नव्हता आणि घ्यायचाही नव्हता.

“तू दारात उभी होतीस,” तो म्हणाला. “आणि खरंच होतं ना ते. बाबांना मी दिसलो नाही. कारण काही का असेना.”

“माझं चुकलं रे.”

“ताई.”

“ऐक. माझं चुकलं. पत्रंही मीच... एक ओळ घालता आली असती मला.”

“अक्षर ओळखायचो मी,” तो म्हणाला. “पाकीट आलं की वाटायचं, या वेळी तरी खाली कोपऱ्यात काहीतरी असेल.”

तिने तोंडावर हात दाबून धरला.

“ताई, पाच मिनिटं जास्त झाली. सुपरवायझर घड्याळ दाखवतोय.”

“उद्या साडेसहाला,” ती म्हणाली.

“उद्या साडेसहाला.”

मग सात आठवडे मिळाले. नव्या वायूची चाचणी घ्यायची म्हणून सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या. तो रोज फोनवर असायचा. आधी रिपोर्ट, मग तीन-चार मिनिटं. साहेबांच्या लक्षात आलं होतं, पण त्या वेळी त्यांना खिडकीतून बाहेर बघण्यासारखं काहीतरी सापडायचं. रविवारी खासगी फोनची पाळी असे, तेव्हा तो आईशी बोलायचा. आई इतक्या मोठ्याने ओरडायची की शेजारीण म्हणाली, पठारावर फोनशिवायही ऐकू गेलं असेल.

आणि मग तिघांनीही नको ते केलं. बेत आखायला लागले. वायू भरपूर निघाला तर गावाबाहेर शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहणार होता. तिथे अनुभवी माणसं लागतील. दिवसाची पाळी, रोज संध्याकाळी घर. “मी रात्री घोरतो,” तो म्हणायचा. “भिंत जाड आहे,” ती म्हणायची. आईने त्याच्या खोलीला रंग कुठला द्यायचा यावर वाद घालून ठेवला होता. तिने आठ वर्षांत इतकं जोरात काही हवंसं होऊ दिलं नव्हतं. रस्त्याने चालताना ती समोरून येणाऱ्या पुरुषांची पावलं बघायची आणि तो आता कसा चालत असेल याचा अंदाज करायची.

नोव्हेंबरच्या शेवटी चाचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी वायू पेटवला तेव्हा ज्वाला रिगच्या निम्म्या उंचीपर्यंत गेली. “दिवसासारखा उजेड,” तो म्हणाला. त्याचा आवाज तरुण झाला होता. दुसऱ्या दिवशी तो फारसं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आकडे वाचायच्या आधीच म्हणाला, “ताई, हिच्यात दम नाही.”

“दाब उतरतोय?”

“झपाट्याने. छोटा कप्पा होता, रिकामा झाला. अजून दोन दिवस बघतील. पण मला कळतं.”

दोन दिवसांनी सगळ्यांनाच कळलं. वायू होता, पण काढण्याजोगा नव्हता. विहिरीत सिमेंट भरायचं ठरलं. पठारावरचा शेवटचा रिपोर्ट तिने डिसेंबरच्या सहा तारखेला लिहून घेतला: तीन थरांत सिमेंट, वर लोखंडी झाकण, जागा साफ. त्या संध्याकाळी बेकरीवाल्याने काही विचारलं नाही.

खोदकामाचा ठेका घेतलेल्या त्याच्या कंपनीने सगळ्या माणसांना लगेच दूरच्या समुद्रातल्या एका रिगवर धाडलं. तो भाग दुसऱ्या विभागाचा. तिथले रिपोर्ट तिच्याकडे येत नसत. नाही म्हणावं तर करार मोडतो. पण माणसांना नेणारं छोटं विमान इंधनासाठी गावाच्या धावपट्टीवर चाळीस मिनिटं थांबणार होतं.

विमान अकराला यायचं होतं. आई आठपासून तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कोट घालून बसली होती. काचेचं दार उघडलं आणि जाड जाकिटं घातलेली नऊ-दहा माणसं आत आली. त्यातला कोण, हे तिला क्षणभर कळलंच नाही. केस पांढरे झाले होते. खांदे वडिलांचे झाले होते. तो समोर येऊन उभा राहिला.

“वाक जरा,” आई म्हणाली. “दिसत नाहीस मला.”

तो वाकला. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कान चाचपला, जाकिटाची वर न गेलेली चेन वर ओढली आणि त्याचा हात जो धरला तो सोडलाच नाही.

ताईला मात्र बोलायला काही सुचेना. वर्षभर तो तिच्या कानात होता. हा समोरचा उंच, थकलेला माणूस परका वाटत होता. मग तिने डोळे मिटले.

“प्रवास कसा झाला?” तिने विचारलं.

“बरा. वारा होता.”

“झोडपत होता?”

“ताई, तू झोपलीस का?”

“गप्प बस. असं डोळे मिटून बोललं की तू ओळखू येतोस.”

तो हसला. ते हसू ऐकून तिने डोळे उघडले, आणि मग जमलं. पुढची पंचवीस मिनिटं तिघंही एकमेकांचं वाक्य तोडत बोलत राहिली. बडबड्या जवळ येऊन म्हणाला, “अरे, साधूला घर आहे तर!” आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा पुढे काही न बोलता निघून गेला. समुद्रावर सुरुवातीला तीन महिने सुट्टी नव्हती. “मार्चमध्ये येतो,” तो म्हणाला. “चार आठवडे. थेट घरी.”

“नक्की?”

“लिहून घे.”

मग त्यांना बोलावलं. जाताना तो वळून बघेल असं तिला वाटलं होतं. तो वळला, पण काचेवर ऊन होतं. त्याला त्या दिसल्या की नाही, कळलं नाही.

वर्षाचा आढावा तिने वेळेत पुरा केला. उत्पादन मागच्या वर्षीपेक्षा सहा टक्क्यांनी कमी. दोन जुन्या विहिरी कायमच्या बंद. ‘नवीन शोध’ या मथळ्याखाली या वेळी पाच ओळी आल्या: पठारावर एक विहीर खणली, खोली तीन हजार एकशे दहा मीटर, वायू आढळला, व्यापारीदृष्ट्या अपुरा, विहीर सिमेंटने बंद. त्या पाच ओळींना तिला दोन दिवस लागले. साहेबांनी वाचून सही केली. कार्यालय आणखी एक वर्ष राहील असं वरून कळलं होतं. त्यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं.

सकाळी पाचला जाग येणं थांबलं नाही. साडेसहाला फोन वाजायचा, जुन्या विहिरींवरचा म्हातारा पंपवाला असायचा. नऊ नंबरचा पंप बंद, मॅडम. अकरा नंबरला पाणी वाढलंय, मॅडम. ती लिहून घ्यायची. फोन ठेवल्यावर थोडा वेळ हात त्याच्यावर तसाच राहायचा.

एका सकाळी ती निघताना आईने स्वैपाकघरातून हाक मारली. “त्याच्याकडचा रिपोर्ट आता कोण घेतं गं?”

“आहेत एक गृहस्थ. समुद्र विभागात.”

“कसे आहेत?”

“मला काय माहीत? मी पाहिलं नाही त्यांना कधी.”

“मग त्यांना सांग,” आई म्हणाली, “नीट ऐकून घेत जा म्हणावं. नुसते आकडे नकोत.”

ती हसून निघून गेली. पण दुपारी साहेब जेवायला गेल्यावर तिने निर्देशिकेत नंबर शोधला आणि समुद्र विभागाला फोन लावला. पलीकडे एका वयस्क माणसाने उचलला. तिने आपलं कार्यालय सांगितलं, हुद्दा सांगितला. काय काम होतं, असं त्याने विचारलं.

“काम असं नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सकाळी रिपोर्ट देतो ना, तो ड्रिलर. आज कसा वाटला आवाजाला?”